रॉनी ओ'सलिव्हनचा मूड, फॉर्म आणि 'आता बास झालं': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉनीची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न परत येतात. कधी क्लबातल्या पोरांकडून, कधी त्यांच्या आईवडिलांकडून, कधी अशा कुणाकडून ज्याने काल पहिल्यांदाच स्नूकर बघितलं आणि ज्याला कळेना की हा माणूस जिंकत असताना एवढा वैतागलेला का दिसतोय. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करायचा आता मलाच कंटाळा आलाय, म्हणून सगळं एकदाच इथे टाकतोय. आधी सोपे प्रश्न आहेत, डोक्याला ताप देणारे खाली. तीच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मधे मधे 'अमुक प्रश्न बघा' असं येईल, तेवढं चालवून घ्या.

१. हा रॉनी ओ'सलिव्हन नक्की कोण? एवढा गवगवा कशाला?

इंग्लंडचा स्नूकरपटू. जन्म ५ डिसेंबर १९७५ चा, वाढला एसेक्समधल्या चिगवेलला. १९९२ ला प्रो झाला आणि पहिल्या ७६ मॅचपैकी ७४ जिंकला, त्यातल्या ३८ सलग. पुढच्याच वर्षी, १८ पूर्ण व्हायला आठवडा बाकी असताना, यूके चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये स्टीफन हेंड्रीला १०-६ ने घालवला (म्हणजे १० फ्रेम विरुद्ध ६, फ्रेम म्हणजे मॅचमधला एक डाव). तेव्हाचा हेंड्री म्हणजे कुणाला हात लावू न देणारा माणूस.

सात वर्ल्ड टायटल (२००१, २००४, २००८, २०१२, २०१३, २०२०, २०२२), आठ यूके, आठ मास्टर्स (वर्ल्डखालोखालच्या दोन मोठ्या स्पर्धा) आणि हजाराच्या बऱ्याच वर सेंच्युरी, म्हणजे न चुकता सलग १०० किंवा जास्त पॉइंट. आता कंसातली वर्षं परत एकदा वाचा. तीन वर्षं गॅप, दोनदा चार-चार वर्षं गॅप, लागोपाठ दोन, मग एकदम सात वर्षं काहीच नाही. खालचे सगळे प्रश्न या गॅपमधूनच निघालेत.

२. पण तो स्नूकरवाला ना? आमच्याकडे तर पूल खेळतात. पूल कधी खेळलाय का तो?

खेळलाय. मॉस्कोनी कपमध्ये, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप जी नाइन-बॉलची टीम स्पर्धा असते त्यात, तो युरोपकडून उतरलाय. २००६ मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल पूल टूर नावाचं एक मोठं प्रकरण सुरू झालं होतं, एट-बॉल आणि बक्षिसं अशी की लोकांचे डोळे पांढरे व्हावेत, त्यातही तो सामील झाला. पण त्या टूरचा त्याच वर्षी बोऱ्या वाजला, रीनोची स्पर्धा जिंकणाऱ्या एफ्रेन रेयेसलासुद्धा बक्षिसाचे पूर्ण पैसे वेळेवर मिळाले नाहीत. रॉनी आपला स्नूकरकडे परत.

अस्सल पूलमधला असा मूडी बादशहा हवा असेल तर अर्ल स्ट्रिकलंड बघा. पाच वेळा यूएस ओपन नाइन-बॉल जिंकलेला, १९९६ ला डॅलसमध्ये सलग ११ रॅक (म्हणजे डाव) एका दमात साफ केलेला, आणि तरीही प्रेक्षकांशी, टेबलाशी, रेफरीशी आणि बहुतेक वेळा स्वतःशीच भांडणारा. फरक एवढाच की अर्लचा राग बाहेर पडतो आणि रॉनीचा आत जातो. बाहेरचा राग टीव्हीवर भारी दिसतो, आतला माणसाला खुर्चीवरून उठू देत नाही.

३. त्याला खरंच कंटाळा येतो की नाटक करतो?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

थोडं नाटक आहे, असं मला वाटतं. मुलाखतीत तो जे बोलतो ते सगळं जसंच्या तसं घेतलंत तर वेड लागेल, कारण आज म्हणेल मला जिंकण्याहरण्याने काही फरक पडत नाही आणि त्याच आठवड्यात एक लाल बॉल हुकला म्हणून चेहरा असा करेल की घरात कुणी गेलंय. पण मूळ गोष्ट खरी आहे. पंधरा मिनिटांत सेंच्युरी मारून फ्रेम घेतलेला माणूस खुर्चीत बसून मान हलवतोय, कारण त्या सेंच्युरीत एका शॉटला क्यू (खेळायची काठी) सरळ गेला नाही असं त्याला वाटलं. प्रेक्षकाला दिसली सेंच्युरी आणि याला दिसला तो एक शॉट.

लोक त्याला 'मोटिव्हेशन नाही' म्हणतात. माझ्या मते त्याला कशाची कमी नाही, उलट जास्त झालंय. ज्याला नुसतं जिंकायचं असतं त्याचं समाधान स्कोअरबोर्ड करतो. याला बॉल नीट लागायला हवा असतो, आणि ते स्कोअरबोर्डवर लिहिलेलं नसतं. त्यामुळे जिंकूनही उपाशी. आणि अशी उपाशी माणसं एक दिवस म्हणतात, जाऊ दे, खेळतच नाही.

४. 'रिटायर होतोय' असं आतापर्यंत किती वेळा म्हणालाय?

मोजत बसू नका. त्याच्या 'रिटायर' चा अर्थ 'आज माझं टाळकं सटकलंय' एवढाच घ्यायचा. मोठी आणि खरी विश्रांती त्याने २०१२-१३ ला घेतली (प्रश्न १० बघा), आणि २०१५ मध्ये बरेच महिने बाहेर बसला, यूके चॅम्पियनशिपपण सोडली, मग २०१६ च्या जानेवारीत मास्टर्सला आला आणि फायनलमध्ये बॅरी हॉकिन्सला १०-१ ने धुतला. दहा-एक! असं केल्यावर लोक सिरियसली कसं घेणार?

५. घरचं काहीतरी मोठं झालं होतं ना? त्याचा परिणाम आहे का हा?

झालं होतं. १९९२ ला, म्हणजे हा प्रो झाला त्याच वर्षी, वडिलांना खुनाच्या केसमध्ये जन्मठेप लागली, ते २०१० ला सुटले. १९९६ मध्ये आईला टॅक्स चुकवल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं आणि धाकट्या बहिणीची जबाबदारी विशीतल्या रॉनीवर आली. मुलाला टेबलाचं वेड आहे म्हणून ज्या बापाने घरच्या बागेत स्नूकरची खोली बांधून दिली, तोच बाप पोरगा चॅम्पियन होताना तुरुंगात होता.

तरी त्याच्या प्रत्येक वाईट मॅचला हे कारण चिकटवणं मला पटत नाही. १९९३ चं यूके टायटल वडील आत असतानाच आलंय. २००८ पर्यंतची तीनही वर्ल्ड टायटल तशीच. त्या धक्क्याने त्याचं आयुष्य अनेक वर्षं खिळखिळं केलं हे तो स्वतः सांगतो, पण 'बाप तुरुंगात म्हणून मंगळवारी ब्राऊन बॉल हुकला' असला हिशोब लावता येत नाही.

६. डिप्रेशन होतं का त्याला? की नुसता आळस?

डिप्रेशन होतं, त्याने ते कधी लपवलं नाही, आणि आळसाशी त्याचा संबंध नाही, हे दोन्ही नीट लक्षात घ्या कारण आपल्याकडे हे दोन फार पटकन एका पोत्यात कोंबले जातात. दारू आणि गांजाच्या भानगडीपण होत्या, १९९८ चं आयरिश मास्टर्स टायटल ड्रग टेस्टमुळे काढून घेतलं गेलं. २००० ला तो व्यसनमुक्तीसाठी लंडनच्या हॉस्पिटलमध्ये राहिला. पुढच्याच वर्षी, २००१ ला, जॉन हिगिन्सला १८-१४ ने हरवून पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला. बाहेरच्या माणसाला वाटलं आता गाडी रुळावर आली. तसं नव्हतं. कप उचलताना आतून ठीक असलंच पाहिजे असं थोडंच आहे?

नंतर त्याला पळण्याचा नाद लागला आणि तोपण साधासुधा नाही, दहा किलोमीटर ३५ मिनिटांच्या आत पळालाय, क्लब लेव्हलच्या रनरला घाम फोडेल असा टाइम. व्यसन गेलं नाही, त्याने जागा बदलली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

७. मॅच अर्धवट सोडून गेला होता ती गोष्ट खरी आहे का?

एकदम खरी. डिसेंबर २००६, यॉर्क, यूके चॅम्पियनशिपची क्वार्टर फायनल, समोर हेंड्री, बेस्ट ऑफ १७. रॉनी ४-१ ने मागे. सहाव्या फ्रेममध्ये त्याचा ब्रेक (न चुकता सलग पॉइंट घेणं) चालू होता, २४ वर एक लाल हुकला. तो सरळ हेंड्रीकडे गेला, हात मिळवला, रेफरीशी हात मिळवला आणि निघाला. हेंड्रीला आधी कळलंच नाही की फ्रेम सोडली की मॅच. जिंकायला ९ लागत होत्या आणि याच्या डोक्यात खेळ पाचातच संपला होता. २०,८०० पौंड दंड झाला, रँकिंगचे पॉइंटपण कापले.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पुढची कुणी सांगत नाही. महिन्याभरात, जानेवारी २००७ ला, मास्टर्सच्या फायनलमध्ये हाच माणूस चीनच्या डिंग जुनह्वीविरुद्ध असा खेळला की १०-३ झालं, आणि प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीने रडवेला झालेला कोवळा डिंग मॅच संपली असं समजून मधेच हात मिळवायला निघाला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला समजावणारापण रॉनीच. महिन्याभरापूर्वी स्वतः पळून गेलेला माणूस दुसऱ्याला म्हणतोय थांब. असा माणूस एका शब्दात कसा बसवणार तुम्ही?

८. १४७ समोर असताना मारायला नकार दिला, हे कसं काय? आपल्याला आयुष्यात एकदा मिळत नाही!

१४७ म्हणजे मॅक्झिमम, एका दमात टेबल साफ करून मिळणारे जास्तीत जास्त पॉइंट, त्यासाठी प्रत्येक लालनंतर काळाच घ्यावा लागतो. दोन वेगळ्या घटना आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिली, सप्टेंबर २०१०, ग्लासगो, वर्ल्ड ओपन, समोर मार्क किंग. फ्रेम नुकती सुरू झाली होती, याने एक लाल एक काळा घेतला आणि रेफरीला विचारलं, मॅक्झिममला बक्षीस किती? कळलं की वेगळं बक्षीसच नाही, फक्त हायेस्ट ब्रेकचे ४,००० पौंड. बरं म्हणाला आणि खेळत राहिला. पंधरा लाल, पंधरा काळे, मग बाकीचे रंगीत बॉल, गुलाबीपर्यंत सगळं साफ. टेबलावर एकटा काळा. आणि हा हात मिळवून निघाला! रेफरी यान फरहासने त्याला गळ घातली की बाबा, लोकांसाठी तरी मार. तेव्हा परत येऊन मारला. मॅक्झिममची शक्यता दिसायच्या आधीच याने दुकानात जाऊन भाव विचारला, आणि भाव कमी निघाला तरी माल तयार केला, म्हणजे चॅलेंज पैशाचं नव्हतंच, 'मी सांगून करून दाखवतो' याचं होतं.

दुसरी, २०१६ चं वेल्श ओपन, बॅरी पिंचेस. मॅक्झिममचं बक्षीस १०,००० पौंड. त्याला ते कमी वाटलं म्हणून शेवटाकडे काळ्याऐवजी मुद्दाम गुलाबी घेतला आणि १४६ केले. तेव्हा टूर चालवणारा बॅरी हर्न चिडला, हा प्रेक्षकांचा अपमान आहे म्हणाला. माझं मत विचाराल तर तिकीट काढून आलेल्या माणसाची बाजू हर्नने बरोबर मांडली, पण मोजून १४६ करणं हे १४७ पेक्षा जास्त मस्तीचं काम आहे हेही मान्य करा.

तुलनेसाठी, १९९७ ला क्रूसिबलमध्ये (शेफील्डचं थिएटर, वर्ल्ड चॅम्पियनशिप तिथेच होते) मिक प्राइसविरुद्ध मारलेल्या १४७ चे त्याला १,४७,००० पौंड आणि वर हायेस्ट ब्रेकचे १८,००० मिळाले होते. तो ब्रेक अधिकृतपणे ५ मिनिटं २० सेकंदांचा, नंतर परत मोजणी करून ५ मिनिटं ८ सेकंद धरला जातो. ३६ बॉल पॉट करायचे असतात, म्हणजे एका बॉलला ९ सेकंदसुद्धा नाही. आमच्या क्लबात तेवढ्यात मार्कर (टेबल सांभाळणारा माणूस) नुसता बॉल लावून होतो.

९. डाव्या हाताने खेळून समोरच्याची चेष्टा करतो का?

कॅनडाच्या अलँ रोबिदूला तसंच वाटलं. १९९६ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, पहिली राऊंड, रॉनी सरळ डाव्याने मारायला लागला. रोबिदूने तक्रार केली, मॅचनंतर हातसुद्धा मिळवला नाही. रॉनीला मग सिद्ध करावं लागलं की त्याचा डावा हात प्रो लेव्हलचा आहे, रेक्स विल्यम्सबरोबर तीन फ्रेम लावल्या, तिन्ही रॉनीने डाव्याने जिंकल्या. विषय मिटला. आता डाव्याने खेळणं हे त्याच्यासाठी रेस्ट (लांबच्या बॉलसाठी क्यू टेकवायची काठी) न वापरायची सोय आहे. कधी कधी उजवा हात नखरे करतोय म्हणून स्वतःला जागं करायचा उपायपण असावा, पण हा माझा अंदाज.

१०. वर्षभर खेळला नाही आणि डायरेक्ट वर्ल्ड चॅम्पियन? फिक्सिंग वगैरे नाही ना?

नाही हो.

२०१२ ला अली कार्टरला १८-११ ने हरवून चौथं टायटल घेतलं आणि मग जवळजवळ पूर्ण सीझन बाहेर. मधे एकच मॅच खेळला, एका छोट्या स्पर्धेत, तीपण हरला. त्या काळात काही दिवस डुकरांच्या फार्मवर जाऊन कामपण केलं, काहीतरी करायला हवं म्हणून. मग २०१३ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की क्रूसिबलला येतोय, आणि कारण काय सांगितलं तर पोरांच्या शाळेची फी भरायची आहे. सेमीत जड ट्रम्प १७-११, फायनलला बॅरी हॉकिन्स १८-१२, आणि त्या एका फायनलमध्ये सहा सेंच्युरी.

हे कसं जमलं याचं लोकांचं आवडतं उत्तर 'टॅलेंट'. त्याने काहीच कळत नाही. माझं उत्तर असं, की लहानपणापासून वीस वर्षं रोज घासलेला हात एका वर्षात विसरत नाही. विसरतो तो मॅचचा ताण झेलायचा सराव, आणि याच्या बाबतीत नेमका तोच ताण सगळ्यात मोठा शत्रू होता. म्हणजे सुट्टीत ज्या गोष्टीला गंज चढायला हवा होता ती गंजलेलीच बरी. तुमचंआमचं उलटं असतं, आपला हातच कच्चा असतो, सुट्टी घेतली की तोच आधी जातो.

११. तो सायकियाट्रिस्ट कोण होता ज्याने त्याला सुधारलं?

डॉ. स्टीव्ह पीटर्स. ब्रिटिश सायकलिंगच्या टीमबरोबर काम करणारे. रॉनी त्यांच्याकडे २०११ पासून जायला लागला, तेव्हा त्याचं रँकिंग घसरत होतं आणि स्पर्धांतून नाव काढून घेणं नेहमीचं झालं होतं. पीटर्सची मांडणी ढोबळपणे अशी की डोक्यात एक भावनेवर उड्या मारणारा चिंपांझी असतो आणि एक विचार करणारा माणूस, चिंपांझीला मारता येत नाही पण सांभाळता येतो. रॉनीच्या बाबतीत याचा अर्थ फार साधा निघाला, 'मला घरी जायचंय' हा विचार मॅचमध्ये येणारच, येऊ दे, त्याचं ऐकायलाच पाहिजे असं नाही.

२०११ च्या आधीच्या १९ वर्षांत तीन वर्ल्ड टायटल, नंतरच्या ११ वर्षांत चार. आणि ही चार वयाच्या ३६ नंतरची. श्रेय सगळं डॉक्टरांना देऊ नका, पण या आकड्यांकडे काणाडोळापण करू नका. त्याआधी २००४ ला सहा वेळचा चॅम्पियन रे रिअर्डन त्याच्याबरोबर होता आणि सेफ्टीचा खेळ (समोरच्याला सोपा बॉल न ठेवणं) त्याने घासून घेतला, त्या वर्षी फायनल १८-८. म्हणजे ज्या ज्या वेळी कुणीतरी मोठं माणूस बाजूला उभं होतं त्या त्या वेळी हा टिकला. एकटा सोडला की बिनसतं.

१२. फॉर्म गेला म्हणजे मूड गेला असंच समजायचं ना?

नाही, आणि ही चूक कॉमेंटेटरपण करतात. तीन गोष्टी वेगळ्या करा. एक, क्यू ॲक्शन बिघडणं, हे शुद्ध मेकॅनिकल आहे, टीप (क्यूच्या टोकाचं चामडं) बदलली, क्यू बदलला, खांदा उचलला जातोय, काहीही. दोन, कंटाळा, म्हणजे टेबलाकडे जावंसंच न वाटणं. तीन, समोरचा चांगला खेळणं. तिसरी गोष्ट रॉनीचे फॅन कधीच मोजत नाहीत.

२०१४ ची फायनल घ्या. रॉनी मार्क सेल्बीविरुद्ध १०-५ ने पुढे होता आणि १८-१४ ने हरला. त्याचा मूड बरा होता आणि तयारीपण होती. सेल्बीने खेळ असा आवळला की बॉल उघडेच मिळेनात. इथे 'रॉनीला इंटरेस्ट नव्हता' म्हणणं हा सेल्बीवर अन्याय आहे. तसंच २०२३ ला लुका ब्रेसेलविरुद्ध १०-६ ने पुढे असताना सलग सात फ्रेम गेल्या, ब्रेसेल समोर आलं ते मारत सुटला होता, हा खुर्चीत बसून काय करणार?

१३. स्लो खेळाडू समोर आला की त्याचं डोकं फिरतं, हे खरं का?

आधी फिरायचं. २००५ ची क्वार्टर फायनल, पीटर एब्डन. रॉनी ८-२ ने पुढे. मग एब्डनने ब्रेकच लावला खेळाला, एके ठिकाणी १२ चा ब्रेक करायला पाच मिनिटांवर घेतली, म्हणजे १२ पॉइंटला रॉनीच्या १४७ पेक्षा जास्त वेळ! रॉनीने प्रेक्षकातल्या एकाला किती वाजले विचारलं, खुर्चीत हसत बसला, आणि १३-११ ने हरला. एब्डनने नियम मोडला नाही. त्याने ओळखलं की या माणसाला हरवायचा रस्ता टेबलावरून जात नाही.

नंतर हा प्रकार बराच कमी झाला. २०२० च्या सेमीत सेल्बीविरुद्ध १४-१६ असा मागे असताना शेवटच्या तीन फ्रेम घेऊन १७-१६ केलं. त्या मॅचमध्येही स्नूकरमधून (म्हणजे मधे दुसरा बॉल आडवा आला असताना) सुटताना बॉल धाडकन मारून देत होता आणि सेल्बीला ते अपमानास्पद वाटलं. वैताग गेला नव्हता, पण त्यापायी मॅच सोडली नाही.

१४. तुम्ही म्हणता विश्रांती घेतली की जिंकतो (प्रश्न ४ आणि १०). मग २०१९ चं काय?

बरं केलंत विचारलंत. कुठल्याही थिअरीला भोक पाडायला २०१९ पुरेसं आहे. त्या सीझनला रॉनीने पाच स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या प्लेअर्स चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये करिअरची हजारावी सेंच्युरी मारली, परत एक नंबरला पोचला. फॉर्म टॉपला, मूड मस्त, डोक्याला ताप नाही. आणि क्रूसिबलला पहिल्याच राऊंडमध्ये जेम्स केहिलकडून १०-८ ने हरला. केहिल ॲमेच्युअर! क्रूसिबलवर खेळलेला पहिलाच ॲमेच्युअर.

म्हणजे 'मूड चांगला = जिंकणार' हेपण खोटं आणि 'विश्रांती = जिंकणार' हेपण अर्धंच. मी एवढंच म्हणेन की जिंकलंच पाहिजे असं ओझं नसताना त्याचा सगळ्यात भारी खेळ बघायला मिळतो. रोज मिळतो असं कुठे म्हटलं?

१५. हेंड्रीचेपण सातच. मग जास्त सातत्याचा हेंड्री मोठा नाही का?

हेंड्रीचे सात १९९० ते १९९९ मध्ये, त्यात १९९२ ते १९९६ सलग पाच. हे सातत्य, वादच नाही. पण सातवं आल्यावर आठवं कधी आलं नाही, आणि २०१२ ला, ४३ व्या वर्षी, थांबला. रॉनीचे सात २००१ ते २०२२ एवढे पसरलेत, शेवटचं ४६ व्या वर्षी ट्रम्पला १८-१३ ने हरवून, सगळ्यात वयस्कर वर्ल्ड चॅम्पियन. २०२३ ला यूके जिंकला तेव्हा पहिल्या यूकेला ३० वर्षं झाली होती.

मला तर वाटतं ज्या चंचलपणाबद्दल सगळे हळहळतात त्यानेच हे करिअर लांबवलं. वर्षाला सगळ्या स्पर्धा, सगळे फोटो, सगळे प्रवास इमानदारीत करत बसला असता तर पस्तिशीत संपला असता. याला पुरावा देता येणार नाही, कारण दुसरा रॉनी करून बघता येत नाही. हेंड्री मोठा की रॉनी हे ज्याचं त्याने ठरवा, चहा सांगा आणि भांडा.

१६. २०२५ ला क्यू मोडला म्हणे. आता संपला का?

जानेवारी २०२५, चॅम्पियनशिप लीग, रॉबर्ट मिल्किन्सकडून हरला आणि क्यूचे दोन तुकडे. लगेच मास्टर्समधून नाव मागे घेतलं, तेपण गतविजेता असताना. मग थेट क्रूसिबल. बाकी कुणी असता तर पहिल्या राऊंडला घरी गेला असता, हा सेमीपर्यंत पोचला, तिथे झाओ शिनटाँगने १७-७ असा चोपला, एक सेशन (मॅचचा ठरलेला भाग) बाकी असताना. ऑगस्टमध्ये जेद्दाला सौदी अरेबिया मास्टर्सच्या सेमीत ख्रिस वेकलिनविरुद्ध एकाच मॅचमध्ये दोन १४७ मारले, वय ४९! फायनल नील रॉबर्टसनविरुद्ध ९-१० ने गेली.

संपला का ते तुम्हीच ठरवा. मी असली भविष्यं सांगायचं कधीच सोडलंय.

१७. सर, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, हात खूप चांगला आहे पण प्रॅक्टिसला जात नाही, म्हणतो रॉनीपण असाच होता. काय करू?

त्याला सांगा रॉनी असा नव्हता. दहाव्या वर्षी पहिली सेंच्युरी, पंधराव्या वर्षी मॅचमध्ये १४७, हे घरी बसून येत नाही. पोरं आज जो बेफिकीर रॉनी बघतात तो हजारो तासांनंतरचा आहे. आधीचे तास कुणी रील बनवून टाकत नाही.

दुसरी बाजूपण ऐका. आधी बघा की त्याला खेळाचा कंटाळा आलाय की तुमचा. रागावू नका, पण क्लबात बऱ्याच वेळा दिसतं की पोरगं एकटं असताना तास न् तास एकच लाँग पॉट मारत बसतं, आणि पप्पा खुर्ची टाकून बसले की दुसऱ्या मिनिटाला क्यू स्टँडला लावतं. तसं असेल तर महिनाभर तुम्ही जाऊ नका, टेबलाचे पैसे मार्करकडे देऊन टाका आणि घरी आल्यावर स्कोअर विचारू नका. आणि तो फक्त स्नूकरच नाही, मित्र, जेवण, झोप, सगळंच टाळत असेल तर प्रश्न ६ वाचा आणि कोचच्या आधी डॉक्टरकडे जा.

१८. मोठ्या खेळाडूने असं मधेच बाजूला होणं आपल्याकडे कुणी केलंय का?

पंकज अडवाणी. जन्म पुण्याचा, वाढला बंगळुरूला. २०१२ ला इंग्लंडच्या प्रो टूरवर गेला, बरा खेळतही होता, आणि २०१४ मध्ये ते सोडून भारतात परत आला, घर जवळ हवं होतं आणि बिलियर्ड्सपण सोडायचं नव्हतं. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. त्यानंतर त्याने जागतिक टायटलांचा जो ढीग लावलाय तो बघा. तो रॉनीसारखा कधी चिडत नाही, क्यू मोडत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुणी असले प्रश्न पाठवत नाही. त्याच्यावर विचारायचं असेल तर वेगळं पाठवा, ते उत्तर एवढं लांब होणार नाही.